‘कुठून मिळाली’ हा रकाना

त्सुमोरींच्या घरात चार पिढ्यांत एकही मुलगी जन्मली नाही, हे गावात कुणीही सांगेल. मासळीवाला सांगेल, पोस्टातली बाई तर न विचारता सांगेल. म्हणून शुंकेई जेव्हा म्हणाला, की लिहून टाकू सरळ, बाहुल्या घरच्याच होत्या, तेव्हा त्याच्या धाकट्या भावाला हसू फुटलं. वास्तविक हसावं असा तो प्रसंग नव्हता.

“एकसष्ट संच, दादा,” तेत्सुरो म्हणाला. “एका मुलीमागे एक संच. आपल्याकडे एकसष्ट मुली कधी नांदल्या?”

 सकाळच्या पूजेचा काळा झगा अजून शुंकेईच्या अंगावर होता. त्याचे वडील, गावाचे थोरले गुरुजी, जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून देवळाचा गुरुजी तोच. तेरावं वर्ष लागलं त्याची पूजा आज देवळात झाली. देवळाच्या नव्वद घराण्यांपैकी पन्नास आली, जेवली आणि उरलेलं डब्यात बांधून घेऊन गेली. एवढं सगळं बिनबोभाट पार पडलं. मग तेत्सुरोच्या बायकोनं, मासुमीनं, लाखेचे वाडगे परत ठेवायला कपाटाचा खालचा कप्पा उघडला. वाडग्यांच्या खोक्याखाली कर खात्याचं पाकीट होतं. फोडलेलं, दहा दिवसांपूर्वीचं आणि मोठ्या जावेच्या, इकुयोच्या नावाचं.

मासुमी मनानं वाईट नव्हती, पण हाती आलेली गोष्ट गुपचूप जागच्या जागी ठेवणाऱ्यांतलीही नव्हती.

आता ते पाकीट टेबलावर लोणच्याच्या बशीशेजारी पडलं होतं. पत्रात रागाचा एक शब्द नव्हता. गेल्या तीन वर्षांत आपल्या नावानं फोनवरच्या बाजारात एकवीस लाख येनांच्या वस्तू विकल्या गेल्याचं दिसतं, त्या उत्पन्नाचं विवरण मात्र भरलेलं दिसत नाही, तरी पंधरा मार्चपर्यंत खुलासा करावा, अशी विनंती होती. सोबत कोरा तक्ता. वस्तू कोणती, कितीला विकली, कुठून मिळाली. आज आठ तारीख होती. आणि तीन वाजता इगाराशीकाका देवळाच्या वर्षाच्या हिशेबावर सही करायला येणार होते. पंचांचे प्रमुख ते, वय अठ्ठ्याहत्तर. पूजा करून, जेवून, जरा पाठ टेकून येतो म्हणून घरी गेले होते.

तेत्सुरो गावच्या पतपेढीत होता, म्हणजे असल्या कागदांचा घरातला जाणकार तोच. त्यानं भावाला समजावून सांगितलं. घरात वापरलेल्या वस्तू विकल्या तर कर नाही. मासुमी पोरांचे जुने कपडे त्याच अ‍ॅपवर विकते, तिला कुणी विचारत नाही. पण दुसऱ्याच्या वस्तू एकामागून एक विकायला लागलं, की तो धंदा. त्यावर कर, भरला नाही म्हणून दंड, आणि खोटं लिहिलेलं सापडलं तर दंड आणखी जबर.

“पैशाचं काय, भरू थोडे थोडे. अडचण ती नाही,” तो म्हणाला आणि तक्त्याच्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. “अडचण ही आहे.”

कुठून मिळाली. खोलीतल्या पाचही जणांना त्याचं उत्तर ठाऊक होतं, आणि कुणालाच ते मोठ्यानं म्हणायचं नव्हतं.

दर शरदात आजूबाजूच्या गावांतून लोक देवळात बाहुल्या आणून देत. तीन मार्चच्या मुलींच्या सणाला पायऱ्यांवर मांडायच्या त्या राजा, राणी, दासी आणि वाजंत्रीवाले. मुलगी सासरी गेली किंवा म्हातारी झाली, किंवा राहिली नाही, की त्या बाहुल्यांचं काय करायचं? बाहुलीला डोळे असतात. इतकी वर्षं घरातलं सगळं बघितलेली ती, तिला कचऱ्यात कोण टाकणार? मग देवळात आणायची. गुरुजी मंत्र म्हणून तिच्यातला जीव मोकळा करायचे. खोक्यामागे तीन हजार येन दक्षिणा, आणि वहीत त्या मुलीचं नाव. थोरल्या गुरुजींच्या काळात नंतर अंगणात होळी पेटायची. पुढे शेजाऱ्यांनी धुराच्या तक्रारी केल्या, तेव्हापासून मंत्र झाले की मागच्या दाराला नगरपालिकेचा ट्रक लागतो.

इकुयो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गुडघे टेकून बसली होती. टेबलाशी ये असं तिला कुणी म्हटलं नव्हतं, आणि आपणहून जायला तिचे पाय उठत नव्हते. एकोणपन्नास वर्षांची बाई, सत्तावीस वर्षं या देवळाची सून. आज सकाळी पन्नास घरांना तिनं वाकून वाकून चहा दिला होता. त्यांतल्या सतरा घरांच्या बाहुल्या तिनं विकल्या होत्या. चहा देताना ती प्रत्येक वेळी मोजत होती, आणि मोजणं थांबवता येत नव्हतं.

सुरुवात कशी झाली ते तिला नीट आठवत होतं. तीन वर्षांपूर्वी ट्रकमध्ये पिशव्या चढवताना एक पिशवी फाटली आणि राणीचा चेहरा बाहेर आला. पांढराशुभ्र, कुठं टवकाही नाही. ट्रकवाला म्हणाला, बाई, जरा सरका. ती सरकली, पण पिशवी घेऊन सरकली. इथपर्यंत तिला लाज वाटत नव्हती. लाज त्यानंतरची होती. पुढच्या वर्षी ती पिशवी फाटायची वाट बघत बसली नाही. मंत्र चालू असतानाच, मागं बसून, हात जोडलेले ठेवून, कोणतं खोकं आधी उचलायचं ते ती नजरेनं ठरवत होती.

“वहिनी,” तेत्सुरो म्हणाला, “दर वर्षी थोडा कर भरला असतात ना, तर हे पत्रच आलं नसतं. कुणाला कळलंही नसतं. एवढं साधं तुम्हाला सुचू नये?”

“बसले होते भरायला,” इकुयो म्हणाली.

खरंच बसली होती. तिन्ही वर्षं, मार्चमध्ये, याच टेबलाशी. फॉर्मवर आधी विचारत, उत्पन्न कशाचं. तिथं काय लिहायचं? देवळातल्या बाहुल्या विकते, हे अक्षरात कसं उतरवायचं? मग तिनं स्वतःचंच एक उत्तर शोधून काढलं. आलेला पैसा स्वतःवर खर्च करायचाच नाही. पाकिटात घालून, नाव न लिहिता, देवळाच्या दानपेटीत टाकायचा. पेटीत पडलं की ते देवाचं, आणि देवळाच्या दानावर कर नाही, हे तर देवळाच्या सुनेला कुणी शिकवायला नको. तिनं हिशेब असा जमवला आणि त्यावर ती तीन वर्षं झोपली.

हे तिनं सांगितलं तेव्हा शुंकेईनं पहिल्यांदा मान वर केली. मासुमीचा हात तोंडावर गेला.

कारण मुख्य दालनात, बुद्धमूर्तीच्या डाव्या हाताला, एक लाकडी पाटी होती. दोन वर्षांपूर्वी छपराचा तांब्याचा पत्रा बदलला, तेव्हा इगाराशीकाकांनी स्वतःच्या खर्चानं कोरून घेतलेली. ‘छपरासाठी दान: एक अनाम श्रद्धाळू.’ काका देवळात आले की आधी मूर्तीला नमस्कार करत आणि मग त्या पाटीला. आज सकाळीही केला होता.

“म्हणजे तो श्रद्धाळू,” तेत्सुरो म्हणाला आणि वहिनीकडे वळला.

“तू मला सांगायचं होतंस,” शुंकेई बायकोला म्हणाला. “बापाच्या पूजेच्या दिवशी भावासमोर मला हे कळावं? माझ्या देवळात, माझ्या पाठीमागं, तू लोकांच्या मुलींच्या वस्तू विकल्यास. मी कोणत्या तोंडानं आता मंत्र म्हणू?”

इकुयोनं कपाळ जमिनीला टेकवलं. अहो, चुकलं माझं, एवढंच ती म्हणाली.

तेत्सुरो भावाच्या मदतीला धावून आला, लहानपणापासून येतो तसा. त्यानं एक वाट काढली. खुलासा वहिनींच्या एकटीच्या नावानं जाऊ दे. धंदा त्यांनी केला, गुरुजींना काही ठाऊक नव्हतं. रकान्यात ‘ओळखीच्यांनी टाकून दिलेल्या वस्तू’ एवढंच लिहायचं. कर खात्यातली माणसं बाहेर बोलत नाहीत. इगाराशीकाकांना काही सांगायचं नाही, हिशेबावर सही घ्यायची, आणि वहिनींनी काही महिने माहेरी जाऊन राहायचं. तब्येतीचं कारण सांगता येईल. गुरुजींचं नाव राहिलं तर देऊळ राहील.

सगळे शुंकेईकडे बघू लागले. त्यानं नको म्हणायला हवं होतं. तो चहाच्या पेल्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “कोदाईचं शिक्षण अजून दोन वर्षं आहे.” कोदाई त्यांचा मुलगा, क्योतोला पुढचा गुरुजी व्हायला शिकत होता. म्हणजे होच म्हणाला.

सत्तावीस वर्षांच्या संसारात इकुयोला नवऱ्याची इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्या क्षणापुरती ती स्वतःची लाज विसरली.

मासुमीला आता काही तरी काम हवं होतं. नवऱ्याच्या सांगण्यावरून ती इकुयोचा फोन घेऊन बसली आणि विकलेल्या वस्तूंची यादी तक्त्यात उतरवू लागली. आधी ती भराभर लिहीत होती, ओठ आवळून. दहाव्या ओळीला तिचा वेग कमी झाला. इकुयोनं प्रत्येक संचाखाली काही ना काही लिहिलं होतं. राजाच्या टोपीची दोरी तुटली आहे, चेहरा शांत आहे. ढोलवाल्याचा डावा गाल उंदरानं कुरतडला आहे, पण तो हसतो आहे. या राणीला उजेडाची सवय नाही, खिडकीपासून लांब मांडावं. घेणाऱ्यांनीही उलट लिहिलं होतं. आमच्या मुलीचा हा पहिलाच सण, आम्हाला नवीन परवडत नव्हत्या.

“ताई,” मासुमी हळूच म्हणाली, “मी पोरांचे कपडे विकते ना, तर खाली नुसतं लिहिते, डाग नाहीत.” मग नवऱ्याकडे वळली. “माहेरी पाठवायचं असेल तर मलाही पाठवा. गेल्या वर्षी मला ताईंकडून पातळ कागद हवा होता, कोठीत गेले तेव्हा खोकी बघितली होती मी. विचारलं नाही. मला वाटलं, विचारलं तर मदत करायला लागेल.”

तेत्सुरो तिच्याकडे बघतच राहिला.

या सगळ्यात एक माणूस अजून बोललं नव्हतं. थोरल्या गुरुजींची बायको तोमिए, या दोघा भावांची आई, टेबलाच्या डोक्याशी बसून संत्र्याच्या फोडीवरच्या शिरा काढत होती. ब्याऐंशी वर्षांची. तिला ऐकू कमी येतं असं सगळे धरून चालत, आणि ते तिला सोयीचं होतं.

तोमिए या घरात सून म्हणून आली तेव्हा माहेरच्या बाहुल्या घेऊन आली होती. सासरे म्हणाले होते, मुलगी झाली की मांडू. मुलगी झाली नाही. बाहुल्या खोक्यातच राहिल्या, आणि एका शरदात तिच्या नवऱ्यानं, तिला न विचारता, स्वतः मंत्र म्हणून त्या इतरांबरोबर जाळल्या. ती स्वयंपाकघरातून धूर बघत होती. त्याबद्दल ती आजतागायत कुणाशी बोलली नव्हती. तीन वर्षांपूर्वी कोठीत सून वर्तमानपत्रात बाहुली गुंडाळताना दिसली, तेव्हा तिनं तिच्या हातातून ती काढून घेतली होती.

“वर्तमानपत्रानं शाई लागते चेहऱ्याला,” तोमिए आता म्हणाली. “मऊ कागद लागतो. आधी डोळे झाकायचे, मग केस. हे हिला मी शिकवलं. त्या तक्त्यात माझंही नाव घाल, तेत्सुरो.”

“आई, तुम्ही राहू द्या,” इकुयो म्हणाली.

“तू राहू दे. मला बोलू दे.” तिनं थोरल्याकडे बघितलं. “आणि तू. पाठीमागं म्हणालास. दानपेटी कोण उघडतं?”

शुंकेईनं पेला खाली ठेवला.

“मी उघडत नाही. तू उघडतोस. त्या पाकिटांना कापराचा वास यायचा. बाहुल्यांच्या खोक्यात ठेवतात तो कापूर. मला शेजारच्या खोलीत यायचा. तुला हातात धरून आला नाही?”

शुंकेईचे कान लाल झाले. पहिल्या पाकिटालाच तो वास त्याच्या नाकात बसला होता. त्यानं पाकीट उघडलं होतं, नोटा मोजल्या होत्या आणि ते पाकीट जाळून टाकलं होतं, वास राहू नये म्हणून. छप्पर गळत होतं. एकेक घराणं शहरात निघून जात होतं. विचारलं असतं तर थांबवावं लागलं असतं. मग पाटी लागली, आणि पाटी लावायच्या दिवशी त्यानं अनाम श्रद्धाळूच्या मनाच्या मोठेपणावर अर्धा तास प्रवचन केलं होतं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“आला होता,” तो म्हणाला. मग बायकोकडे न बघता पुन्हा म्हणाला, “मला ठाऊक होतं, इकुयो. पहिल्यापासून.”

 तेवढ्यात दारावर इगाराशीकाकांची हाक आली. तीनला अजून वीस मिनिटं होती, पण ते नेहमीच लवकर येत.

काका बूट काढून आत आले, ओली छत्री त्यांनी नीट कोपऱ्यात उभी केली. मासुमी तक्ता उचलायला गेली, तोमिएनं तिचा हात दाबून धरला. काकांनी सगळ्यांचे चेहरे बघितले आणि थोरल्या गुरुजींची आठवण निघालेली दिसते, असं काहीतरी पुटपुटले. हिशेबाची वही द्या म्हणाले, सही करतो आणि जातो.

“काका, सहीच्या आधी एक सांगायचंय,” शुंकेई म्हणाला. पण त्याला ते सांगता येईना. दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या मयतावर बोलणारा माणूस, तो ‘देवळाच्या बाबतीत’ असं म्हणाला आणि थांबला, मग ‘आमच्या हातून’ म्हणाला आणि पुन्हा थांबला. तेव्हा इकुयो उंबऱ्यापासून पुढं सरकली, गुडघ्यांवरच, टेबलापर्यंत आली आणि तिनं सांगितलं. बाहुल्या, अ‍ॅप, पाकिटं, पाटी, कर खात्याचं पत्र. सांगताना तिनं कुणाचं नाव घेतलं नाही, आईंचंही नाही, नवऱ्याचंही नाही.

काकांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग खिशातून चष्मा काढला आणि तक्ता जवळ ओढला.

“ट्रक येतो ते मला ठाऊक आहे,” ते म्हणाले. “सगळ्यांना ठाऊक आहे. नगरपालिकेच्या भट्टीतही आगच असते, असं आम्ही मनाशी म्हणतो.” आणि वाचू लागले.

इकुयोला कळलं ते कुठं थांबणार. चव्वेचाळिसाव्या ओळीवर. तिला तो कागद ओढून घ्यावासा वाटला. दीड वर्षापूर्वी काकांची बायको गेली आणि त्याच शरदात काका ते खोकं स्वतः पाठीवर घेऊन आले होते. हिच्याबरोबर पाठवायला विसरलो, म्हणाले होते, आता पोचवा दोघींकडे. त्यांची मुलगी बेचाळीस वर्षांपूर्वी तापानं गेली होती. तिची आई दर मार्चला, मुलगी असल्यासारख्या, बाहुल्या मांडत राहिली. इकुयोनं ते खोकं तीन महिने कोठीत वेगळं ठेवलं होतं. हे नाही विकायचं, असं ठरवलं होतं. आणि मग जानेवारीत कुणी तरी असल्याच जुन्या चेहऱ्यांच्या बाहुल्या हव्या म्हणून लिहिलं, आणि पासष्ट हजार येन देऊ केले. तिच्या सगळ्या विक्रीतली सगळ्यात मोठी रक्कम. ठरवलेलं एका दुपारीत मोडलं.

काकांचं बोट चव्वेचाळिसाव्या ओळीवर आलं. मासुमीनं फोनवर होतं तसंच्या तसं लिहिलं होतं. ‘पंधरा बाहुल्यांचा संच. तिसऱ्या दासीच्या हातातली पळी हरवली आहे. त्याजागी आगकाडी आहे. लहान मुलीनं लावलेली असावी. कृपया काढू नये.’

ते पुन्हा वाचलं त्यांनी. पुढचा रकाना कोरा होता. त्या कोऱ्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं.

“इथं आमचं नाव लिहा,” ते म्हणाले.

इकुयोनं पेन घेतलं. दुसऱ्या हातानं मनगट धरलं आणि लिहिलं, इगाराशी.

“माझं नाही. बाहुल्या माझ्या नव्हत्या. तिचं लिहा. वहीत असेल.”

बाहुल्यांची वही तोमिएनंच उठून आणली. त्यात होतं, मिचिरू. इकुयोनं ते लिहिलं. काकांच्या घरात ते नाव बेचाळीस वर्षं कुणी घेत नव्हतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. आता ते कर खात्याच्या तक्त्यावर, पासष्ट हजारांच्या शेजारी होतं.

“बाकीच्या साठही लिहा. एकेकीचं नाव. ‘ओळखीच्यांनी टाकलेल्या’ असलं काही लिहू नका,” काका म्हणाले. तेत्सुरोनं मान खाली घातली. त्यानं ते तसंच एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं आणि ती चिठ्ठी टेबलावरच होती.

शुंकेई पुढं झाला, हात टेकले, क्षमा मागू लागला. काकांनी त्याला थांबवलं.

“गुरुजी, दोन वर्षं मी त्या पाटीपुढं वाकतोय. आज सकाळीही. तुम्ही शेजारी उभे होतात,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. “माझी माफी मागून काय होणार? ज्यांची मागायची त्या माझ्या घरी आहेत. घरी या.” आणि हिशेबाच्या वहीवर सही न करता छत्री घेऊन गेले.

असं बोलावणं आलं की पाच-सहा दिवसांनी, बरा मुहूर्त बघून, दुकानातून मिठाईची पेटी बांधून जायची रीत. तोमिए उभी राहून चपला शोधू लागली. इकुयो म्हणाली, आई, उद्या जाऊ, थोडं ऊन येऊ दे, रस्त्यावर बर्फाचा चिखल आहे. तोमिए म्हणाली, उद्या तुला धीर होणार नाही. मलाही होणार नाही.

सकाळी पाहुण्यांना वाटून एक पेटी उरली होती. ती पेटी आणि बाहुल्यांची वही घेऊन तोमिए, इकुयो आणि शुंकेई निघाले. भर दुपारी, मुख्य रस्त्यानं, अंगावर पूजेचे काळे कपडे. दुकानांतून लोक बाहेर येऊन वाकत होते. थोरल्या गुरुजींच्या पूजेचंच काही तरी आहे, असं त्यांना वाटलं असणार. इकुयो प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होती आणि मनात म्हणत होती, हिच्या नातीची, याच्या बहिणीची. पेटी शुंकेईच्या हातात होती. लोकांदेखत त्यानं आजवर तिच्यासाठी कधी काही उचललं नव्हतं.

इगाराशीकाकांनी घरातल्या देव्हाऱ्याची दारं आधीच उघडून ठेवली होती. आत मायलेकींच्या स्मृतीच्या दोन पाट्या. एक नवी, एक जुनी, छोटी. त्यांनी उदबत्ती लावली आणि स्वतः बाजूला बसले, भिंतीशी, पाहुण्यासारखे.

तिघांनी कपाळं टेकली. शुंकेईला कुठला मंत्र सुचेना. तो नुसतंच म्हणाला, मला ठाऊक असून मी गप्प राहिलो. तोमिए म्हणाली, गुंडाळायला मी शिकवलं. मग इकुयोची पाळी आली.

“मिचिरू,” ती म्हणाली. एवढ्या छोट्या नावाला तिला दोनदा श्वास घ्यावा लागला. “तुझ्या बाहुल्या मी विकल्या. आईकडे पोचवायला तुझ्या बाबांनी विश्वासानं दिल्या होत्या, त्या मी विकल्या. मोरिओकाला आहेत त्या. तिथं एक मुलगी आहे. गेल्या वर्षी दोन महिन्यांची होती, आता चालायला लागली असेल. मी परत मागते. जास्त पैसे देऊन मागते.”

 उदबत्ती निम्मी जळाली.

“काडी?” त्यांनी विचारलं.

“आहे. यंदाही तशीच मांडली होती. फोटो पाठवला त्यांनी.”

तिनं फोन पुढं केला. काकांनी चष्मा लावला नाही. फोन डोळ्यांपासून लांब धरून ते बघत राहिले, आणि मग फोन उलटा करून देव्हाऱ्यापुढं धरला, आतल्या दोघींना दिसेल असा. बराच वेळ त्यांनी तो तसाच धरून ठेवला. हात दुखायला लागला तेव्हा खाली घेतला.

“परत मागू नका,” ते म्हणाले. “पण मी माफ केलं असं म्हणणार नाही. ते मला जमायचं नाही. देवळातली पाटी उतरवा. कर भरा. बाकीच्या साठ घरी माफी मागून झाली की हिशेबाची वही घेऊन या, मग सहीचं बघू.”

मिठाईची पेटी त्यांनी ठेवून घेतली.

बाहेर आल्यावर इकुयो पायरीवर बसून बूट घालू लागली. नाडी बांधली जाईना. शुंकेई समोर उभा होता, बाहुल्यांची वही उघडून, उजेडात तिरकी धरून. 

“पुढचं नाव साएगुसा. समोरचंच घर,” तो म्हणाला. “पण आपल्याकडे आता पेटी नाही. रिकाम्या हातानं कसं जायचं?”

तोमिए तोवर रस्ता ओलांडायला लागली होती.

“चला,” ती मागं न बघता म्हणाली. “रिकाम्याच हातानं जायचं.”